गल्ला आणि दर्जा: स्टॉप मोशन व कौटुंबिक चित्रपटांचा हिशेब कसा वाचावा

साताऱ्याच्या एका माध्यमिक शाळेतील कलाशिक्षिकेचा प्रश्न असा आहे: स्टॉप मोशन पद्धतीचे, म्हणजे बाहुली केसभर हलवून एकेक फ्रेम टिपत केलेले चित्रपट जाणकारांना इतके आवडत असूनही तिकीटबारीवर का पडतात, आणि जे पडतात त्यांचा दर्जाच कमी असतो असे मानायचे काय? बाईंनी स्वतः आठवी-नववीच्या मुलांना घेऊन क्लेच्या बाहुल्यांची चार मिनिटांची एक फिल्म केली आहे, आणि असले सिनेमे कोणी बघत नाही, असे शाळेतल्याच एका सहकाऱ्याने ऐकवल्यामुळे हा प्रश्न निघाला आहे. गेली सव्वीस वर्षे मी सांगली, मिरज, कराड आणि सातारा या पट्ट्यात चित्रपटांचे बुकिंग पाहतो आणि त्याआधी काही वर्षे एका एकपडदा थिएटरच्या ऑफिसात रोजचा हिशेब लिहीत होतो. त्यामुळे माझे उत्तर बुकिंगच्या खिडकीच्या आतल्या बाजूचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम आकड्याविषयी. वर्तमानपत्रात 'इतक्या कोटींचा गल्ला' म्हणून जे छापून येते ते बहुधा ग्रॉस असते, म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून निघालेली सगळी रक्कम. समजा तिकीट १५० रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, तो वजा केला की साधारण १२७ रुपये नेट उरतात. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांच्या व्यवहारात या नेटमधला वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर तीस टक्के असा उतरत जातो. एकपडदा थिएटरांत भाडे, एमजी (म्हणजे किमान रकमेची हमी) किंवा ठरावीक टक्का असे निरनिराळे प्रकार चालतात. म्हणजे १५० रुपयांच्या तिकिटातले पहिल्या आठवड्यात त्रेसष्ट-चौसष्ट रुपये चित्रपटाच्या बाजूला जातात आणि चौथ्या आठवड्यात जेमतेम अडतीस. परदेशातही रक्कम थिएटरवाले आणि वितरक यांच्यात अशीच विभागली जाते, म्हणून निर्मितीखर्चाच्या अडीच पट ग्रॉस झाले तर चित्रपट कसाबसा किनाऱ्याला लागला असे धंद्यात धरतात. हा ठोकताळा आहे, नियम नाही. पण हाताशी असला की पुढची चर्चा भावनेच्या भरात वाहवत नाही.

त्या ठोकताळ्यावर तपासले तर 'स्टॉप मोशन चालत नाही' हे विधान सरसकट टिकत नाही. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा 'चिकन रन' २००० साली सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चात झाला आणि त्याने जगभरात २२ कोटींच्या पुढे गल्ला केला. या पद्धतीच्या चित्रपटांत तो आजही सर्वाधिक कमाईचा आहे. त्याच स्टुडिओचा वॉलेस आणि ग्रोमिट या जोडीचा २००५ मधला पूर्ण लांबीचा चित्रपट ३ कोटींत झाला आणि १९ कोटींपर्यंत पोहोचला, शिवाय त्याला ऑस्करही मिळाले. २०१५ मधल्या 'शॉन द शीप'चा खर्च अडीच कोटी आणि गल्ला १० कोटींच्या वर. या शेवटच्या चित्रपटात एकही सुबोध संवाद नाही, मेंढ्या बें बें करतात आणि माणसे नुसती पुटपुटतात, त्यामुळे डबिंगचा प्रश्नच आला नाही आणि देशोदेशी तो जसाच्या तसा लावता आला. अमेरिकेत त्याची कमाई किरकोळ होती. बहुतेक पैसा बाहेरून आला. आपल्याकडच्या निर्मात्यांनी याचा विचार जरूर करावा, कारण मराठी-कन्नड सीमेवर धंदा करणाऱ्याला बिनसंवादाच्या चित्रपटाची किंमत लगेच कळते.

आर्डमनची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २००६ साली त्यांनी गटारातल्या उंदरांचा एक चित्रपट मातीऐवजी संगणकावर केला, कारण कथेत जागोजागी पाणी होते आणि क्लेची बाहुली पाण्यात टिकत नाही. त्या 'फ्लश्ड अवे'चा खर्च सुमारे १५ कोटी डॉलर झाला आणि जगभरचा गल्ला सुमारे १८ कोटी. 'शॉन द शीप'पेक्षा दीडपटीहून अधिक गल्ला करूनही ड्रीमवर्क्स या भागीदार कंपनीला मोठा तोटा हिशेबात घ्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी भागीदारी मोडली. माती सोडून यंत्राकडे गेल्यावर बुडाले, म्हणजे दोष मातीचा नव्हता एवढे तरी नक्की.

मग घोडे कुठे अडते? ते खर्चाच्या स्वरूपात अडते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पंच्याऐंशी मिनिटांच्या चित्रपटात १,२२,४०० फ्रेम होतात. एकेक पोझ दोन फ्रेमना वापरली तरी ६१,२०० वेळा कोणीतरी बाहुलीला हात लावून ती केसभर हलवावी लागते. एका ॲनिमेटरच्या हातून दिवसाकाठी दोन-चार सेकंद निघाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा. म्हणून मोठे स्टुडिओ एकाच वेळी अनेक सेटवर काम चालू ठेवतात, तेवढ्याच संख्येने तीच ती बाहुली बनवतात, आणि हा सगळा गोतावळा दोन-तीन वर्षे पगारावर पोसतात. संगणकीय ॲनिमेशनमध्ये एकदा घडवलेले पात्र पुढच्या भागात पुन्हा वापरता येते. फोम आणि सिलिकॉनची बाहुली मात्र वापराने झिजते, फाटते, आणि दुसऱ्या भागासाठी बऱ्याच गोष्टी पुन्हा घडवाव्या लागतात. तरीही आर्डमनच्या वरच्या तीन चित्रपटांत हे काम अडीच ते साडेचार कोटी डॉलरांत जमले आणि ते फायद्यात गेले. दहा कोटींवर गेले की गणित बसत नाही, कारण या चित्रपटाचा प्रेक्षक खर्चाच्या प्रमाणात वाढत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ऑरेगन राज्यातला लायका स्टुडिओ. त्यांचे पहिले पाचही पूर्ण लांबीचे चित्रपट ऑस्करच्या नामांकनात आले आणि पाचांपैकी एकालाही ते मिळाले नाही. गल्ला पाहा: 'कोरलाइन' (२००९) सुमारे साडेबारा कोटी डॉलर, 'पॅरानॉर्मन' (२०१२) आणि 'बॉक्सट्रोल्स' (२०१४) प्रत्येकी अकरा कोटींच्या अलीकडे, 'कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज' (२०१६) सुमारे साडेसात कोटी, आणि 'मिसिंग लिंक' (२०१९) अवघे २ कोटी ६० लाख. पहिल्या चारांचा खर्च प्रत्येकी सुमारे ६ कोटी होता, शेवटच्याचा मात्र १० कोटींच्या घरात. म्हणजे अडीच पटीच्या मोजपट्टीवर पहिल्या प्रदर्शनातल्या थिएटरच्या पैशात यांतला एकही पार झालेला नाही. स्टुडिओ तरीही उभा आहे, कारण त्यामागे 'नाइकी'च्या संस्थापकांचे घराणे आहे. आपल्याकडे असा पाठीराखा शोधायला जाऊ नये. इकडे साखर कारखान्याचा चेअरमन फार तर एका चित्रपटाला पैसे देतो.

आता दर्जाचे काय? बाईंचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. माझ्या मते 'कुबो' हा या पाचांतला सर्वांत उत्तम चित्रपट आहे आणि कमाईत तो शेवटून दुसरा आहे. त्यात सोळा फूट उंचीचा एक सांगाडा आहे, तो खरोखर बांधलेला आहे, आणि त्याच्यासमोर हाताएवढा पोरगा उभा राहतो. पण मला तो चित्रपट आवडला तो आईच्या आठवणीविषयी त्यात जे आहे त्यामुळे. याउलट 'बॉक्सट्रोल्स'मध्ये कारागिरी डोळ्यांचे पारणे फेडणारी असली तरी कथेत इतकी गर्दी आहे की तासाभराने मूल आईकडे पाणी मागू लागते. 'मिसिंग लिंक' दिसायला देखणा आहे, परंतु त्यातला विनोद मोठ्यांचा आणि वेष्टन लहानांचे, आणि या दोघांच्या मधोमध तो पडला. तेव्हा स्टॉप मोशनवर प्रेम करणाऱ्यांची एक सवय मला खटकते: हाताने इतकी मेहनत केली म्हणून चित्रपट चांगला, असे ते गृहीत धरतात. पैठणीला किती दिवस लागले हे गिऱ्हाईक ऐकून घेते, पण घेताना रंगच बघते. आर्डमनच्या बाहुल्यांवर बनवणाऱ्याच्या अंगठ्याचे ठसे पडद्यावर दिसतात आणि ते मुद्दाम पुसत नाहीत. ते ठसे मला आवडतात, पण ग्रोमिट नावाचा तो तोंडही नसलेला कुत्रा नुसत्या भुवईने जे सांगतो, त्यासाठी लोक तिकीट काढतात.

दर्जा गल्ल्यात अजिबात दिसत नाही, असेही मी म्हणणार नाही. तो दिसतो, फक्त पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यात दिसत नाही. थिएटरातून रोज रात्री डीसीआर जातो, म्हणजे प्रत्येक खेळाची तिकिटे आणि रक्कम लिहिलेला दैनिक अहवाल. पूर्वी तो कार्बन लावून हाताने लिहीत असू, आणि माझ्या उजव्या करंगळीची कड कायम निळी असे. मारधाडीच्या मोठ्या चित्रपटाचा डीसीआर शुक्रवारी भरलेला असतो आणि सोमवारी निम्म्याखाली येतो. कौटुंबिक चित्रपटाचा कागद वेगळा दिसतो: शुक्रवारी बाराचा आणि नऊचा खेळ जवळपास रिकामा, शनिवारी सहाला थोडी हालचाल, आणि रविवारी तीनच्या खेळाला एकदम चार-चार, सहा-सहा तिकिटांच्या ओळी. सुट्टे एक तिकीट त्या पानावर शोधूनही सापडत नाही. मी त्यानंतर मंगळवारचा सहाचा खेळ पाहतो. शाळा आणि क्लास असूनही मंगळवारी संध्याकाळी चार तिकिटे एकदम कोणी काढत असेल, तर रविवारी पाहून गेलेल्याने घरी किंवा भिशीत काहीतरी सांगितले आहे असे समजावे. 'होल्ड' म्हणतात तो हाच, आणि दर्जाविषयी तिकीटबारी जे काही बोलते ते इथे बोलते.

याची मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. जून २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'बाईपण भारी देवा'ची दुसऱ्या रविवारची कमाई पहिल्या रविवारपेक्षा अधिक होती. आमच्याकडे कवठेमहांकाळ आणि तासगावकडून बायका गाड्या ठरवून येत होत्या. जुलै २०२५ मधल्या 'महावतार नरसिंह' या ॲनिमेशनपटाची पहिल्या दिवसाची कमाई देशभरात दोन कोटींच्या आत होती आणि अखेरचा आकडा दोनशे कोटींच्या पुढे गेला. अमेरिकेत 'पुस इन बूट्स'चा २०२२ मधला भाग पहिल्या शनिवार-रविवारी सव्वा कोटी डॉलरच्या आसपास होता आणि तिथेच साडेअठरा कोटींवर जाऊन थांबला, म्हणजे जवळजवळ पंधरा पट. 'कुबो'ने पहिल्या आठवडाअखेरीच्या चौपटीच्या थोडे अलीकडे केले आणि 'कोरलाइन'ने साडेचार पट. दोन-अडीच पटीवर आटोपणाऱ्या चित्रपटांच्या मानाने हे आकडे चांगले आहेत. ज्यांनी पाहिला त्यांना 'कुबो' आवडला, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ज्यांनी पाहिलाच नाही त्यांचे मत आकड्यात धरता येत नाही.

इथे एक विपरीत गोष्ट आहे, तीही सांगतो. वर दिलेला हिश्श्याचा उतरता क्रम आठवा. कौटुंबिक चित्रपटाची कमाई उशिरा येते, आणि उशिरा येते तेव्हाच निर्मात्याचा टक्का घसरलेला असतो. म्हणून चौथ्या आठवड्यापर्यंत चालणारा चित्रपट थिएटरवाल्याला जितका लाभतो तितका तो बनवणाऱ्याला लाभत नाही, आणि मोठ्या कंपन्या पहिल्या तीन दिवसांसाठी जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा का ओततात याचे उत्तर यात आहे. हळूहळू रंगणाऱ्या चित्रपटाला ही व्यवस्था मानवत नाही, आणि स्टॉप मोशन जात्याच हळू रंगणारे आहे.

तारखांचे तर विचारूच नका. आर्डमनचा 'अर्ली मॅन' अमेरिकेत १६ फेब्रुवारी २०१८ रोजी लावला, त्याच दिवशी 'ब्लॅक पँथर' आला. 'मिसिंग लिंक'ला 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'आधी जेमतेम दोन आठवडे मिळाले. आपल्याकडेही मुलांचा चित्रपट मार्चमध्ये लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. सांगली-साताऱ्यात या चित्रपटांसाठी वर्षातून दोनच काळ खरे: दिवाळीची सुट्टी, आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. 'एलिझाबेथ एकादशी' १४ नोव्हेंबर २०१४ ला आणि 'नाळ' १६ नोव्हेंबर २०१८ ला आला, यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेची पातळी पाहून बेत ठरतात. २०१९ च्या महापुरात सांगली कित्येक दिवस पाण्यात होती, तेव्हा सिनेमाचे नाव काढण्याची सोय नव्हती.

खेळाची वेळ हा त्याहून नाजूक मुद्दा आहे. काही वर्षांपूर्वी एका वितरकाने प्राण्यांच्या गोष्टीचा एक चांगला डब केलेला ॲनिमेशनपट मला फक्त सकाळी साडेनऊच्या खेळाला दिला, कारण उरलेले सगळे खेळ त्याला त्याच्याच दुसऱ्या चित्रपटासाठी हवे होते. रविवारी साडेनऊ वाजता सांगलीतल्या घरात आंघोळी चाललेल्या असतात. आठवड्यात चित्रपट उतरला, आणि त्यानेच मला सुनावले की तुमच्या भागात कार्टूनला प्रेक्षक नाही. तो शेरा पुढची तीन वर्षे मुंबईच्या ऑफिसात माझ्या टेरिटरीच्या नावापुढे राहिला.

बुकिंगच्या खिडकीवर या चित्रपटांबाबत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा आईच विचारते: लहान मुलांना चालेल ना, भीती नाही ना? 'कोरलाइन'मध्ये डोळ्यांच्या जागी बटणे शिवलेली दुसरी आई आहे. खिडकीतला पोरगा यावर प्रामाणिक उत्तर देईल तर पाच वर्षांच्या मुलाचे कुटुंब परत जाते. खोटे देईल तर मध्यंतरात परत येते, आणि पैसे मागते. स्टॉप मोशन करणाऱ्यांना अंधार, थडगी आणि सांगाडे यांचे जरा अधिकच वेड आहे, कारण बाहुली मुळात निर्जीव असते आणि जिवंत झाल्यावरही तिच्यात थोडे परकेपण उरते. भयाला ते फार शोभते, पण चार तिकिटांचे कुटुंब त्यामुळे बिचकते. हीच गोष्ट काळाने उलटते. 'कोरलाइन' ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा वर्षांनी पुन्हा लावला तेव्हा एकट्या अमेरिकेत त्याने ३ कोटी डॉलरहून अधिक कमावले. लहानपणी जी मुले घाबरली होती, ती आता स्वतःच्या पैशाने मित्रांना घेऊन आली. पुनःप्रदर्शनाच्या वेळी जाहिरातीचा धूमधडाका नसतो आणि समोर कुतूहलही नवे नसते, त्यामुळे त्या गल्ल्याला मी दर्जाचे प्रमाण म्हणून पहिल्या गल्ल्याहून जास्त वजन देतो.

आपल्या लोकांना बाहुलीचे वावडे आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू आठवावा. तो स्टॉप मोशन नव्हे, रामदास पाध्ये यांनी घडवलेली बोलकी बाहुली. पण बाहुलीच्या रूपातल्या खलनायकासाठी लोकांनी तिकिटे काढली, हे तर खरे. सांगलीत १८४३ साली 'सीता स्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीही बाहुल्या केल्या होत्या, आणि पुढे पाध्ये यांनीच त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. आणि दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी भांडवल उभे करण्यासाठी काय दाखवले? कुंडीतल्या वाटाण्याचे रोप, रोज थोडे थोडे कॅमेऱ्यात घेऊन, पडद्यावर पाहता पाहता वाढलेले. एकेक फ्रेम घेण्याच्या या कलेवर भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल उभे राहिले आहे.

बाईंच्या फिल्मविषयी दोन शब्द. त्यांनी पाठवलेली फाइल मी तीनदा पाहिली. वर्गाच्या खिडकीतून ऊन सरकत असल्यामुळे पहिल्या मिनिटात भिंतीवरची सावली धडधडते. खिडकीला काळा कागद लावून दोन दिव्यांवर तेवढे प्रसंग पुन्हा घ्यावेत. शाडूची पहिली बाहुली तिसऱ्या दिवशी तडकली म्हणून क्ले घेतला, हे योग्यच झाले. एसटी चुकलेली आजी पिशवीतून भडंगाचा पुडा काढते, उघडते, आणि न खाता पुन्हा बांधते, तो प्रसंग मात्र तसाच ठेवावा, एक फ्रेमही कमी करू नये. थिएटरात दाखवायची असेल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, फिल्म चार मिनिटांची असली तरीही. आणि पेनड्राइव्ह लावून आमचा सर्व्हर चालत नाही, फाइल यूएफओ किंवा क्यूबसारख्या डिजिटल प्रक्षेपणाच्या प्रणालीत बसेल अशी करून घ्यावी लागते. हे दोन्ही दसऱ्याच्या आत हाती आले तर मला कळवा. दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारचा तीनचा खेळ मी बोलून ठेवतो, मुख्य चित्रपटाच्या आधी, दिवे पूर्ण मालवल्यानंतर.